दिवेवालीची रिकामी चकती

सन्माननीय अध्यक्ष ग्रंथपालबाई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती काका, आणि दर रविवारी घरच्यांची बोलणी खाऊन खेळायला येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी कवळ्या बनवणारा माणूस. लोकांना दात देतो, पण स्वतः तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटतो. तरी काकांचं खेळाचं दुकान आज बंद होतंय, तेव्हा बोलायलाच हवं.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. एका जुन्या मालिकेचा परवाना घेऊन कंपनीने हा खेळ काढला. बोटभर उंचीचे पुतळे, आपणच रंगवायचे आणि टेबलावर पट्टीने मोजून चालवायचे. कंपनीने आम्हाला काय दिलं? दर सहा महिन्यांनी बदललेले नियम, आणि रंग वाळायच्या आत बाद ठरवलेले पुतळे. आणि दिवेवाली? मालिकेतली, हरवलेल्यांना घरी नेणारी ती बाई. तिचे नियम छापले, पुतळा मात्र ‘लवकरच’. सात वर्षं लवकरच. आम्ही पत्रं लिहून थकलो, त्यांनी तोंडाला पानं पुसली.

काकू म्हणायच्या, “ती आली की मीच रंगवणार. चकतीची कडा हिरवी.” त्यांना सगळ्याच पुतळ्यांच्या पायाखालच्या चकत्या हिरव्या कडेच्या लागायच्या. आजारपणातही विचारायच्या, “आली का हो?” वाट बघता बघता काकू गेल्या. याचा राग मला अजून आहे, आणि तो मी इथे लपवत नाही.

त्यानंतर काकांनी दिवेवालीच्या नावाची रिकामी चकती टेबलाच्या एका टोकाला ठेवली. ती कोणी हलवायची नाही, असा आमचा रिवाज. पण दर रविवारी ती सरकलेली दिसू लागली. आधी एकमेकांवर संशय घेतला, मग मी पट्टी लावली. दर वेळी बरोबर चार इंच. दिवेवालीची चाल चार इंचांचीच आहे. काकांना सांगितलं, तर म्हणाले, “येऊ दे हो. सावकाश येतेय.”

गेल्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं: परवाना संपला, दिवेवाली निघणार नाही, तिचे नियम रद्द. पण ते पत्र तिला कोण दाखवणार? पुढच्या रविवारी पुन्हा चार इंच. कडेला हिरवा रंग, आणि तो ओला.

दिवेवालीची चकती ज्या पुतळ्याला टेकते, त्याला ती आपल्याबरोबर घेऊन जाते, असा नियम आहे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काकांचा कप्तान उभा असतो. काकूंनी तो काकांसारखाच रंगवलाय, चष्म्यासकट. काकांनी तो तिथे मुद्दाम ठेवलाय. काल मधलं अंतर उरलं होतं चार इंच, आणि आज रविवार.

काका, तुम्ही किल्ल्या देऊन टाकल्यात, औषधं घेणं सोडलंत, असं सूनबाई सांगत होत्या. तुम्हाला कुठे जायचंय ते आम्हाला कळतं. पण तुम्ही आम्हाला अजून हवे आहात.

अध्यक्षबाईंचे, आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. एका चुकीची माफी मात्र वेगळी मागतो. दुसऱ्याच्या पुतळ्याला न विचारता हात लावणं, हे आमच्यात मोठं पाप. आज सकाळी ते मी केलं. काकांचा कप्तान उचलून कोटाच्या खिशात ठेवला. एकटाच ठेवला होता. मघापासून खिशात हात घालून बोलतोय. आत दोन वस्तू आहेत, आणि माझ्या बोटांना हिरवा रंग लागलाय.

काका, असे हसू नका. आज आमच्या घरी चला.