शेवटची तीस पानं

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… भिंगरी! अगं, तुलाच लावणार होतो आता. आधी बस. बसलीस?… मग उठू नकोस. आज जे घडलंय ना, त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. तुझा तर मुळीच नाही, तू माझी सख्खी बहीण आहेस.

हो, हो… तेच सांगतोय. निघाली डोळ्यांवरची पट्टी. सकाळी साडेनऊला.

दिसतं!… अगं, दिसतं म्हणजे काय, नको तेवढं दिसतं.

थापा कसल्या? ऐक तर खरं. हिंदी पिक्चरमध्ये कसं असतं, डोक्याभोवती सात-आठ वेढे, डॉक्टर एकेक वेढा सोडतायत, मागे व्हायोलिन, आणि शेवटी हिरोईन पापण्या फडफडवत म्हणते, डॉक्टरसाहेब, मला दिसतंय, मला सगळं दिसतंय. मी चाळीस वर्षं त्या पिक्चरांची पोस्टरं रंगवली. मला वाटलं, आपल्याला निदान चार वेढे तरी देतील. कसलं काय! कापसाचा एवढासा गोळा आणि वर चिकटपट्टी. नर्सबाईंनी टर्रकन ओढली, अर्धी भुवई तिच्याबरोबर गेली. व्हायोलिन नाही, काही नाही. बाहेर कोणीतरी बादली आपटली, तेवढंच संगीत.

पहिला चेहरा कोणाचा?… छे, सुनेचा कुठला. डॉक्टरांच्या नाकाचा! नुसतं नाक. दहा बाय दहाच्या बोर्डावर मावलं नसतं, असं.

मग तक्ता वाचायला लावला. वाचला. शेवटची ओळ वाचली. शेवटच्या ओळीखाली छापखान्याचं नाव असतं, मुंगीच्या पायाएवढं, तेही वाचलं. डॉक्टर म्हणाले, काका, थांबा जरा. खिडकीपाशी नेलं मला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते. म्हटलं, डॉक्टर, तिसऱ्या शर्टाचं वरून दुसरं बटण बघा, बाकीची पांढरी आहेत, ते दुधी आहे. त्यांनी माणूस पाठवला बघायला!… अगं, खरंच पाठवला… हो, दुधीच निघालं.

हस, हस. हसलीस ना? मग झालं.

सूनबाई? तिला कशाला फोनवर बोलावतेस? ती नाहीये घरात. बाजारात गेलीय… कधी येईल, काय माहीत. बाजार मोठा आहे.

ते जाऊ दे, कामाचं बोल. विमानाच्या तिकिटाचं काय? एजंटाला होकार कळवलास?… म्हणजे अजून नाही? भिंगरे, तो पाचपर्यंतच सीट धरून ठेवणार आहे ना? आता किती वाजलेत?… नाही, घड्याळ आहे गं समोर, पण ते… ते बंद पडलंय. कालपासून… सव्वाचार? आणि तू माझ्याशी गप्पा मारत बसलीस?

अगं, तिकडं परदेशात तुझ्या पोरीला जुळं झालंय. जुळं! एक झोपलं की दुसरं उठतं, ते झोपलं की पहिलं. जावईबापू डब्याची झाकणं चुकीच्या डब्यांना लावतात, हे तूच सांगितलंस. ती बिचारी रोज 'आई कधी येतेस, आई कधी येतेस' करतेय, आणि तिची आई काय करतेय? तर इथं बसून म्हाताऱ्या भावाला कादंबऱ्या वाचून दाखवतेय. शोभतं का?

तिथूनही फोनवर वाचशील? कशी? एक मांडीवर, एक खांद्यावर, आणि पुस्तक काय डोक्यावर धरशील? आणि इथं दुपार असते तेव्हा तिथं पहाट असते. पहाटे उठून तू मला खुनाची गोष्ट वाचणार, जावई उठून पोलीस बोलावणार.

आणि मुळात गरज काय आता? मी वाचतोय ना! परवा तू पाठवलेलं पुस्तक, शेवटची तीस पानं राहिली होती बघ, दोन सावत्र बहिणींचं… हो, तेच. घरी आलो, जेवलो, आणि बसल्या बैठकीला फडशा.

डॉक्टर नको म्हणाले? कोण सांगतं? डॉक्टरांना कादंबरीतलं काय कळतं?

आवडली का? आता खरं सांगू का?… रागावणार नाहीस?… तुझा तो लेखक म्हणजे अश्रूंचा कारखाना आहे. तीन पाळ्यांत चालतो. चारशे पानांत ती थोरली सत्तावीस वेळा खिडकीशी जाऊन उभी राहते. मी मोजलंय. तू वाचत होतीस, मी बोटांवर मोजत होतो. घरात बसायला खुर्ची नाही का त्यांच्या? आणि एक पत्र उघडायला ह्या माणसाला अकरा पानं लागतात! पिक्चरमध्ये पत्र आलं की लगेच त्यात लिहिणाऱ्याचा चेहराच दिसतो, तोच घडाघडा वाचून मोकळा. आणि खलनायक कोण ते तर दुसऱ्या प्रकरणात कळतं. ज्याला खोकला, तो. सर्दी-खोकल्याच्या माणसावर ह्या लेखकाचा एवढा राग का, देव जाणे.

हो, हो… अगं, तुला आवडतो, माहीत आहे मला. मी कुठं नाही म्हणतोय? तू वाचलंस म्हणून मलाही आवडला. तू भुवयांची वर्णनं गाळायचीस ना?… गाळायचीस! मला कळायचं. मध्येच तुझा श्वास लहान व्हायचा आणि पान उलटल्याचा आवाज दोनदा यायचा. फार उपकार केलेस. आणि त्या वकिलाचा आवाज तू काढायचीस, तो तर… परवा दूधवाला म्हणे तुझ्या दारातून पळाला. तो आलाय हे तुला कळलंच नाही, तू आतून ओरडत होतीस, 'सही कर, नाहीतर दोघींना रस्त्यावर आणीन'!

अं?… ठेव, तिथंच ठेव… नाही गं, तुला नाही. मांजराला.

मांजराला कप कशाला? अगं, हुशार मांजर आहे ते. चहा घेतं… नवीन आहे. आजच आलंय.

काय म्हणत होतो? हां. पिक्चर. भिंगरे, एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. आता जायच्या आधी सांगून टाकतो… जायच्या आधी म्हणजे तू जायच्या आधी! माझं अजून पुष्कळ आहे.

चाळीस वर्षं मी पिक्चर बघितले ते इंटरव्हलपर्यंत… खरंच. ही थाप नाही. थिएटरचा मॅनेजर मला फुकट आत सोडायचा, चेहरे नीट डोक्यात भरून घे म्हणायचा. इंटरव्हल झाला की मी बाहेर, परांचीवर. पुढच्या शुक्रवारचा बोर्ड कोण रंगवणार? आठशे पिक्चरांचा पूर्वार्ध मला तोंडपाठ आहे. उत्तरार्ध एकाचाही नाही. लोकांना सांगायचो ते सगळे माझे मीच जुळवलेले… हो, तुला लहानपणी सांगायचो तेसुद्धा. म्हणून तर माझ्या गोष्टीत कोणी मरायचं नाही.

आणि दिसेनासं झाल्यापासून, ह्या चार महिन्यांत, तू ते उत्तरार्ध दाखवलेस. तू तुझ्या टीव्हीसमोर, मी माझ्या, मधे ही तार. 'दादा, आता ती जिना उतरतेय. दादा, त्याच्या हातात सुरी आहे… थांब, घाबरू नकोस, सफरचंद कापतोय.' त्या नाचाच्या वेळी तर तू मला साड्यांचे रंग सांगत बसलीस आणि मागे तिकडं हिरोचा बाप पळवून नेला, ते आपल्याला दोघांनाही दहा मिनिटांनी कळलं!

तो मोठ्या कपाळाचा आठवतो? मी त्याला पोस्टरवर लाल रंगवला होता. अर्धा चेहरा लाल, डोळे बारीक, हातात चाबूक. पूर्वार्धात तो तसाच वागतो, मी काय करणार? आठ आठवडे चौकात खुनी म्हणून टांगलेला होता बिचारा. आणि परवा तू सांगतेस, तोच शेवटी स्वतःची किडनी देतो! अगं, मला रात्री जेवण गेलं नाही. एवढ्या भल्या माणसाला मी चाबूक दिला.

तू नसतीस तर तो माझ्या डोक्यात कायमचा खुनीच राहिला असता. समजलं?… मी आभार मानतोय, आणि तू म्हणतेस, सर्दी झालीय का.

काय वाजतंय तुझ्याकडं?… मोबाईल? एजंट? मग उचल की!… अगं, उचल. सांग त्याला हो म्हणून. माझ्या डोळ्यांची शपथ घालू का?… घातली. जा, बोल त्याच्याशी. मी हा फोन धरून बसतो.

…

गेली. सूनबाई, ये गं इकडं. कप हातात दे, मघाशी सांडला वाटतं थोडा… तू खुणा कसल्या करतेस? बांगड्या वाजतायत तुझ्या. मला खुणा दिसल्या असत्या तर एवढा खटाटोप कशाला केला असता?… हो, कळतंय मला, डॉक्टर काय म्हणाले ते. उजेड कळतो, अंधार कळतो, दारात कोणी आलं की कळतं. पुष्कळ झालं… नाही, तिला नाही सांगायचं. तिला कळलं तर ती हलणार नाही. मी ओळखतो तिला. चार महिने तिनं स्वतःचे दुखरे गुडघेसुद्धा डॉक्टरला दाखवले नाहीत, दुपारची वेळ माझी म्हणून… ती गेल्यावर सांगू. ती पोहोचली की… गप, आली.

…हॅलो? हो, हो, आहे ना. जातो कुठं?

झालं? पक्कं?… शुक्रवारी सकाळी! आता फिरवता नाही ना येत?… शाब्बास, भिंगरे. शाब्बास. मन हलकं झालं बघ… माझा आवाज? आनंदानं. माणसाला आनंद झाला की घसा बसतो, कुठल्याही पिक्चरमध्ये बघ.

ऐक. बॅगेत जाड कपडे घे. आणि बाळांना गोष्टी सांग. त्या वकिलाचा आवाज नको, पण… बाकी सगळं सांग. तुझ्या आवाजात वाचलेलं माणसाला दिसतं. मी सांगतो, मला दिसलंय. एवढी सगळी वर्षं मी माणसं रंगवली, पण कोणाच्या डोळ्यांत पाणी कसं उभं राहतं ते तुझ्या आवाजानं दाखवलं. हे मी… जाऊ दे. तू रडायला लागशील आणि मला पुन्हा अश्रूंच्या कारखान्याला नावं ठेवावी लागतील.

काय?… शेवट काय होतो?… तू वाचला नाहीस? पुस्तक तर परवापर्यंत तुझ्याकडेच होतं… मला सोडून पुढचं वाचायचं नाही म्हणून?… अगं वेडे, एवढे दिवस ते घरात ठेवून तू एक पानही पुढं…?

सांगतो ना. धाकटी निघून जाते. घर थोरलीकडं राहतं.

वाचून दाखवू? मी?… तुला?… नाही, नाही म्हणत नाही, पण माझा घसा… हो, चार महिने तू वाचलंस, खरं आहे. एकदा मी वाचायला काय हरकत आहे. काहीच हरकत नाही.

थांब, पुस्तक घेऊ दे हातात… हं. घेतलं. हे शेवटचं पान. वाचतो हं.

'जाणारीनं मागं वळून पाहिलं नाही. दारात उभा असलेला माणूस हसतोय, असं तिनं धरून चाललं. आणि त्या हसण्याच्या जोरावर ती पोहोचली.'

संपलं. खाली एक छोटं फूल छापलंय.

भिंगरे?… हॅलो?… अगं, रडतेस काय?

हो ना? मीही चाट पडलो. जन्मभर भुवया लिहिणारा माणूस, आणि शेवटी एकदम असं! कारखान्यातून कधी कधी चुकून चांगला माल बाहेर पडतो.

लिहून घेतेस? कशाला?… बरोबर न्यायला? पुस्तकातलं वाक्य आहे गं, नंतर केव्हाही… बरं, बरं. पेन मिळालं?… हळू वाचतो. घे. 'जाणारीनं मागं वळून पाहिलं नाही.' झालं लिहून?… 'खिडकीत उभा असलेला माणूस हात हलवतोय, असं तिला…' काय?

तेच तर वाचलं.

दारात?… मघाशी दारात म्हणालो?… असेल. टाइप फार बारीक आहे… हसतोय? हो, हसतोयच. हसतोय आणि हातही हलवतोय, दोन्ही. माणूस एका वेळी दोन गोष्टी करू शकतो… दार आणि खिडकी शेजारी शेजारीच असतील गं, ह्या लेखकाच्या घराला खिडक्या किती…

पान नंबर? शेवटचं पान, त्याला कसला आलाय नंबर…

हॅलो?… ऐकतेयस ना?

काय?… मोठ्यानं म्हण, ऐकू नाही आलं.

…'दादा, तुला दिसत नाहीये.'