दहा पॉइंटांचं करायचं काय?

नाही, पण बारा आणायचे कुठून हो माणसानं? पुस्तकात छापलंय बारा, सासरेबुवा म्हणतात दहासुद्धा चालतात, 'पण बाकीचे तिन्ही रंग बघून हं, जावईबापू!' आणि माझ्या हातात बरोब्बर दहा... नऊ असते तर निमूट पास म्हटलं असतं, अकरा असते तर छाती ठोकून डबल, पण दहा! दहा पॉइंटांचं करायचं काय?

तुम्हाला सांगतो, ब्रिज खेळत नसाल तर सुखी आहात. माझ्या उजव्या हाताला दातांच्या डॉक्टरीणबाई, त्यांनी बोली लावली, 'एक बदाम', म्हणजे हुकूम बदामाचा. माझ्याकडे बदामाची एकुलती एक दुर्री, बाकी तिन्ही रंग चार-चार. अशा वेळी म्हणायचं 'डबल', म्हणजे पार्टनरला कळतं, बाबा रे, बदाम सोडून काहीही बोल, मी सांभाळून घेतो. पण सांभाळायला पत्ते नकोत? एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक... मोजले, दहा. परत मोजले. दहाच! परत परत मोजून वाढतात थोडेच?

आणि पार्टनर कोण, तर सासरे! वजनमापं खात्यातून निवृत्त. जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले, अर्ध्या ग्रॅमची लबाडी खपवून घेतली नाही. क्लबच्या स्पर्धेत अकरा वर्षं दुसरे येतायत. यंदा हा शेवटचा डाव, आणि आम्ही जेमतेम का होईना, पण पहिले! कपाला जागा हवी म्हणून त्यांनी कपाटावरची फुलदाणीसुद्धा हलवून ठेवलेली.

मी पडलो चष्मेवाला. दिवसभर गिऱ्हाइकाला विचारतो, 'हे बरं दिसतंय की हे? आत्ता की मगाशी?' लोक फटाफट सांगतात हो! मला मात्र... डबल केलं आणि सासऱ्यांकडे काहीच नसलं तर? तोंडावर आपटणार. नाही केलं आणि त्यांच्याकडे इस्पिकं असली तर? सांगा ना, दहा पॉइंटांचं करायचं काय? डॉक्टरीणबाई दाढ उपटायच्या आधी बोलतात तसं गोड बोलल्या, 'सावकाश हं, घाई नाही.' मी दुर्रीकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि म्हटलं, 'पास.'

मेलो! कारण इतका वेळ काढून पास म्हणणं म्हणजे चारचौघांत सांगणंच, की माझ्याकडे आहे काहीतरी, पण धीर होत नाही. आणि नियम असा, की तुमच्या त्या घुटमळण्याचा फायदा पार्टनरनं घ्यायचा नाही. डॉक्टरीणबाईंच्या भिडूनं धाडकन 'चार बदाम' म्हटलं. सासऱ्यांनी पत्ते बघितले, माझ्याकडे बघितलंच नाही... 'पास.' त्यांचे चार बदाम आरामात झाले.

डाव संपल्यावर कळलं, सासऱ्यांकडे पाच इस्पिकं, एक्का धरून! मी रडकुंडीला. 'अहो, मग बोलला का नाहीत?' ते आपले शांत. 'तुमच्याकडे काय आहे ते कळलं होतं, जावईबापू. म्हणूनच बोलता येईना.' स्पर्धेत सगळ्या टेबलांवर तेच पत्ते फिरवतात; बाकीच्या टेबलांवर पाच जणांनी डबल केलं, दहावरच, आणि चार इस्पिक करून मोकळे! आम्ही? दुसरे. अकरा आणि एक... घ्या, बारा भरले. फुलदाणी परत कपाटावर ठेवताना त्यांचा चेहरा बघवेना हो मला.

आता सासऱ्यांची पार्टनर माझी बायको. परवा तिनं आठवर डबल केलं, आठवर! 'अगं, आठवर?' म्हटलं, तर म्हणते, 'तिन्ही रंग होते, बदाम नव्हता, त्यात मोजायचं काय?' आणि आमचे काटेवाले सासरे म्हणतात, 'वा!'

काल क्लबातून तिचा फोन. 'अहो, चौथा गडी आला नाही, येता का?' आता जावं, तर सासऱ्यांच्या विरुद्ध बसायचं. न जावं, तर बिचाऱ्यांचा डाव अडतो. म्हटलं, 'विचार करून सांगतो.' आणि केला की फोन, अगदी वीस मिनिटांत! तर म्हणाली, 'राहू द्या आता, मिळाला चौथा. तीन डाव झालेसुद्धा.'