एकदाच विचारणारी बाई

अलेक्झांड्रियात ट्रामच्या थांब्यावर नर्मीन मोबाइलवर नोकऱ्या शोधत उभी होती. पुढच्या दोघी नणंद-भावजयींचं बोलणं कानावर आलं आणि तिचा अंगठा थांबला.

"आमच्या इंग्रजी शिकवणाऱ्या मिस रूथ म्हणाल्या, 'हिकमत, तुझं इंग्रजी छान झालंय. नव्या बायकांचा वर्ग तू घेशील?'"

"अगं बाई! मग?"

"मी म्हटलं, 'छे छे, मला कुठलं जमतंय!'"

"बरोबर. मग त्यांनी आग्रह केला असेल."

"कसला आग्रह, वहिनी! 'बरं, ठीक आहे' म्हणाल्या आणि वर्गात गेल्या. मी आपली दारात उभी, आता हाक मारतील म्हणून."

"दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही? तुला हवंय का पण ते काम?"

"हवंय म्हणजे? काल भाजी चिरताना मनात तोच वर्ग घेत होते."

"मग जाऊन सांग."

"स्वतःहून? हावरट म्हणतील."

"आपल्यातल्या म्हणतील. त्या परदेशी, त्या नाही म्हणणार. हं, इंग्रजीत म्हणून बघ."

"मिस रूथ, तुमची हरकत नसेल, दुसरं कुणी मिळालं नसेल, तर कदाचित मी..."

"एवढं लांबण लावशील तोवर दुसरी कुणी शिकवायला लागेल!"

"मिस रूथ, मला शिकवायचंय."

"पुन्हा."

"मला शिकवायचंय!"

ट्राम आली. वहिनी चढल्या. हिकमत मात्र रूळ ओलांडून शाळेकडे झपाझप चालू लागली.

"आणि हिकमत," वहिनी दारातून ओरडल्या, "चहा विचारला तर पहिल्यांदाच हो म्हण!"