पहिल्या माशाआधी डबा

(जून २०२१, ऑस्ट्रेलियातला हिवाळा. सिडनीहून दूर, डोंगरातल्या एका तलावात प्रज्ञेश आणि हृषिकेश ट्राउट माशासाठी गळ टाकून गुडघाभर पाण्यात उभे आहेत. फोनला रेंज फक्त टेकडीवर येते. त्यांचा मित्र विलास प्रज्ञेशचा फोन घेऊन तिथे गेला होता, तो नुकताच खाली आला आहे.)

हृषिकेश : मनगट, प्रज्ञेश, मनगट. सतरंजी झटकल्यासारखी रॉड झटकू नकोस. आणि लाइन हळू ओढ, थंडीत ट्राउट आळशी होतो.

प्रज्ञेश : मनगट गारठलंय बे. रॉडच्या कड्यांत बर्फ धरलाय, लाइन सरकतच नाही. विलासभाऊ, आलात? माझा फोन?

विलास : गाडीत ठेवलाय. या दोघं बाहेर. जेवून घेऊ.

हृषिकेश : जेवून? आत्ता तर थर्मासमधला चहा संपवला.

प्रज्ञेश : परवानगीचा मेल आला का?

विलास : नाही आला.

प्रज्ञेश : दोनदा नाही म्हणून झालं इथल्या सरकारचं. तिकडे भंडाऱ्याला बाप ऑक्सिजनवर, आणि या करोनात मला देशाबाहेर पाय टाकायला यांची परवानगी लागते. मी इथं मासे पकडतोय. काहून आणलं तुम्ही मला?

हृषिकेश : घरात येरझाऱ्या घालून तू करुणाला वेड लावलं होतंस, मेट. तुझ्या बायकोनंच सांगितलं, याला दोन दिवस कुठंतरी न्या.

प्रज्ञेश : एका जागी बसवत नाही मला. भंडाऱ्याहून दीक्षाचा फोन होता का?

विलास : होता. सांगतो. आधी खाऊन घे. करुणानं पोळ्या आणि वांग्याची भाजी दिलीय.

हृषिकेश : थांब, थांब. पहिला मासा जाळीत आल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम कुणाचा? मागच्या वर्षी अंधार पडेपर्यंत उपाशी ठेवलंस आम्हाला. मी रडकुंडीला आलो होतो.

विलास : आज नियम राहू दे. सिडनीत लॉकडाऊन लागतोय, परत निघायचंय.

हृषिकेश : मग गाडीत खाऊ की.

विलास : गाडीत नाही. इथंच बसू. पोळ्या गरम आहेत तोवर...

हृषिकेश : काल सकाळी केलेल्या पोळ्या गरम कशा असतील, विलास?

प्रज्ञेश : दीक्षा किती वाजता बोलली?

विलास : आत्ताच. वर गेलो तेव्हा.

प्रज्ञेश : तिकडे उजाडलं नसेल अजून. माझी बहीण एवढ्या पहाटे फोन करते का कधी?

विलास : हात दे, प्रज्ञेश. खाली दगड निसरडे आहेत.

प्रज्ञेश : बाबा मला काय म्हणतात माहीत आहे? स्वतः पौर्णिमेचा धर्माचा दिवस सोडला तर रोज तळ्यावर गळ टाकणारा माणूस. म्हणतात, तुम्हाला मासा पकडून परत सोडायचाच असतो, तर त्या बिचाऱ्याला त्रास कशाला देता? मी हसायचो.

हृषिकेश : येईल मासा. अजून एकदा टाकून बघ.

प्रज्ञेश : जाईबाई गेली, माझी आजी, तेव्हा मी नागपूरला होस्टेलवर होतो. बाबा अचानक दारात. मला खानावळीत नेलं, समोर बसून पोटभर जेवायला लावलं. मी नको म्हणालो तर स्वतःच्या ताटातली पोळी माझ्या ताटात टाकली. बाहेर रस्त्यावर आल्यावर सांगितलं. म्हणाले, घरी आज चूल पेटणार नाही, पोरगं उपाशी कसं नेऊ?

हृषिकेश : विलास... काय झालंय?

विलास : दीक्षाच म्हणाली. दादाला आधी जेवू घाला, मग सांगा. मला नाही जमत रे हे. मी वरच बसून राहिलो होतो.

प्रज्ञेश : चेहऱ्यावर दिसलं मला. पण तुम्ही तोंडानं अजून काही सांगितलेलं नाही.

विलास : नाही.

प्रज्ञेश : मग डबा काढा.

हृषिकेश : बस तू. मी वाढतो.

प्रज्ञेश : तुम्ही दोघंही घ्या. एकट्याला घास उतरायचा नाही.

विलास : घेतो. तू सुरू कर.

प्रज्ञेश : आणि विलासभाऊ, घाई करू नका. मी आज सावकाश जेवणार आहे.