राकसनी भित

(शिंदखेडा तालुक्यातलं एक शिवार. दोन वावरांच्या मधून माणसाहून उंच अशी काळ्या दगडाची भिंत आरपार गेली आहे. गाव तिला ‘राकसनी भित’, म्हणजे राक्षसाची भिंत, म्हणतं. खालच्या वावरात सत्तरी ओलांडलेला बन्सीलाल, आणि शिरपूरच्या कॉलेजात भूगोल शिकवणारी मृणाली, वरचं वावर असलेल्या त्याच्या धाकट्या भावाची मुलगी. जवळच बन्सीलालची बायको केसरबाई, आणि भिंतीत सुरुंगासाठी भोकं पाडणारा छगन.)

मृणाली — आधी त्या छगनभाऊला मशीन बंद करायला सांगा, नाना. मग बोलू.

बन्सीलाल — बंद नही व्हवाव. सुरुंगना दोन भोकं बाकी शेतस. तू बोल, माले आयकू येस.

मृणाली — ही भिंत कोणी बांधलेली नाही.

बन्सीलाल — कसी नही? राकसनी एक रातमा बांधी. कोंबडा आरवना, म्हनीसन अर्धी सोडी गया.

मृणाली — थट्टा नको. इथली जमीन फाटली होती. त्या भेगेतून पोटातला वितळलेला दगड वर चढला आणि तिथंच थिजला. आजूबाजूचं मऊ होतं ते पावसापाण्यानं झिजून गेलं. हा टणक, म्हणून उभा राहिला. इथून नंदुरबारपर्यंत अशा कितीतरी भिंती आहेत.

बन्सीलाल — म्हंजे धरतीनी बी वाटनी करी. बठ्ठं पानी तुना बापले, नि माले धोंडा.

मृणाली — वरून झिरपत येणारं पाणी जमिनीखालीसुद्धा हिलाच टेकून थांबतं. म्हणून वरच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं. हिला खिंडार पाडलंत तर ते तुमच्याकडे थांबायचं नाही. तुमचं वावर उताराचं. नाल्यातून सरळ तापीला जाईल. मग दोन्हीकडे खडखडाट.

बन्सीलाल — युवराजनी धाडं ना तुले? सोता येवानी हिंमत नही, म्हनीसन आंडेर, सोतानी पोर, धाडी.

मृणाली — मी इथे आलेय हे पप्पांना माहीतच नाही. दुसऱ्या कोणाचं शेत असतं तरी मी हेच सांगितलं असतं. तुम्हाला पाणी मिळणार नाही, नाना.

बन्सीलाल — माले माहीत शे.

मृणाली — काय माहीत आहे?

बन्सीलाल — पानी माले भेटाव नही, हाई.

मृणाली — मग फोडता कशाला?

बन्सीलाल — त्याले बी नको रहावाले.

मृणाली — नाना, काय बोलता हे?

बन्सीलाल — आयक. गावनी हिरवर आपला आबाले, मना बापले, चढू देत नव्हतात. म्हनीसन त्यानी या भितना पायथाले हिर खंदी. पानी लागनं तव्हय बठ्ठासले हाका मारीसन पाजं. ज्यास्नी त्याले हाकली दिधं व्हतं, त्यास्ले बी. मरताना सांगं, आठे कोनले नही म्हनानं नही. वाटनीमा हिर युवराजकडे गयी. गयी ते गयी. पन त्यानी तिले लोखंडी झाकन ठोकं, वर कुलूप. मोटर चोरी जाई, म्हने. तुनी मोठी माय उन्हायामा घागर लीसन गयी, तशीच रिकामी उनी. आपलीच हिरवरथीन, मृनाली. गावनी आबाले हाकलं, ते माले समजस. भाऊनी हाकलं, हाई नही समजत. जीव जयस मना.

केसरबाई — तिले कसाले आयकाडतस? पोर शे ती.

मृणाली — पोर नाही मी, मोठी माय. ते कुलूप मी आज सकाळी तोडलं.

बन्सीलाल — काय करं?

मृणाली — दगड घातला त्यावर. झाकण उघडं टाकून आले. पप्पा बघत होते. म्हणाले, आता या घरात पाय ठेवायचा नाही.

बन्सीलाल — तो नवं लाई.

मृणाली — लावू देत. तेही तोडीन.

केसरबाई — आनि त्यासाठे रोज शिरपूरथीन येशी का व?

मृणाली — सध्या सुट्टी आहे. पुढचं मला माहीत नाही. पप्पांचं मन वळेल की नाही, तेही सांगता येत नाही. पण कुलूप आज ना उद्या निघतं. भिंत एकदा गेली की आबांचं पाणी कायमचं गेलं. आणि त्याचं खापर तुमच्या माथी फुटेल, नाना. पप्पा राहतील नामानिराळे.

केसरबाई — खरं सांगस ती. रातरात जागतस तुम्ही, मी देखस. आबानं नाव लेतस, आनि आबानंच पानी फोडाले निंघनात. मी रिकामी उनी, ते मनं दुखनं शे. मी सांगं का तुमले, भित फोडा म्हनीसन?

बन्सीलाल — …छगन! बंद कर रे ते. नही, घर नको जाऊ. सावलीमा बैस जराखा. माले इचार करू दे.

केसरबाई — आनि तू व माय, बाप घरमा लेत नही, मंग आठेच रहाय. पन सांगी ठेवस, घरमा प्यावापुरतं बी पानी नही शे.

मृणाली — घागर दे, मोठी माय.