फोनवर सांगायचं वाक्य

“आय हॅव, यू हॅव, ही हॅज. डोकं पिकलं हो माझं!”

माउंट वेलिंग्टन उपनगरातल्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या कौमुदीच्या पाठीमागे एक आजी नवऱ्यावर कुरकुरत होत्या.

“मला काही झालं तर ॲम्ब्युलन्सला फोन तूच करणार ना? पोरगा, समीर, बसलाय लांब ख्राइस्टचर्चला. म्हण, माझं नाव घेऊन.”

“उभ्या जन्मात घेतलं नाही, ते आता इंग्रजीत घेऊ?”

“घे. आणि आजारही सांग.”

“ही हॅज फीवर.”

“ताप कुठाय मला?”

“मग ही हॅज... बीपी.”

“अगं, बीपी तुला आहे!”

आजींनी परत ‘आय हॅव, यू हॅव’ पुटपुटून पाहिलं. कौमुदीने मागे वळून पाहिलं नाही.

“दीनानाथ हॅज कॅन्सर,” आजी म्हणाल्या.