अण्णांची चक्कर

तुम्ही हसाल, पण आमच्याकडे मिठावरून रुसवेफुगवे चालतात. मला उभ्या उभ्या चक्कर येते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "तुमचं बीपी फार खाली जातं. भरपूर पाणी प्या आणि मीठ जरा जास्त खा." झालं, माझ्या ताटात पापड, लोणचं, खारवलेली मिरची. आणि समोर माझे सासरे, अण्णा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाले ते वाढलेलं बीपी घेऊनच, म्हणून त्यांना दुधीची अळणी भाजी.

परवा जेवताना ते माझ्या पापडाकडे बघत म्हणाले, "मलाही गरगरतंय." मग चष्मा काढून खिशात ठेवला, सोफ्यापर्यंत चालत गेले आणि तिथे बेशुद्ध पडले.

तरी मी घाबरलेच. खरंच काही झालं असेल तर? मी डॉक्टरांना फोन लावायला धावले. सासूबाईंनी येवल्याहून आलेला कांदा बुक्कीनं फोडला आणि अण्णांच्या नाकाशी धरला. अण्णा हलेनात. आता सासूबाईंचाही आवाज कापरा झाला. "अहो, डोळे उघडा ना."

अण्णांनी डोळे काही उघडले नाहीत. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "याला जरा मीठ लाव."